भाऊ दाजींचे नाटक, भाऊ दाजींचे तेल आणि एक फॉरवर्ड

नोव्हेंबरात रंगभूमी दिन जवळ आला की सांगली-मिरजेच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक मजकूर हमखास फिरू लागतो. थोडक्यात तो असा: "डॉ. भाऊ दाजी लाड विलायतेत शिकून डॉक्टर झाले. त्यांनीच सांगलीच्या विष्णुदास भाव्यांकडून पहिले मराठी नाटक बसवून घेतले. ते मुंबईचे पहिले महापौर. राणीच्या बागेतले संग्रहालय त्यांनी पदरमोड करून बांधले. महारोगावर त्यांनी रामबाण औषध शोधले, पण इंग्रजांनी ते दाबून टाकले. कडू कवठाच्या बियांचे तेल रोज दोन चमचे घ्या, महारोग आजही बरा होतो." खाली अर्थातच 'अभिमान असेल तर पुढे पाठवा'.

माणूस मोठा, म्हणून कुणी शंका घेत नाही. पण यातले जवळपास प्रत्येक वाक्य चुकले आहे, आणि शेवटचे तर एखाद्याचा हात कायमचा वाकडा करील असे आहे.

विलायतेचे आधी उरकू. रामचंद्र विठ्ठल लाड ऊर्फ भाऊ दाजी हे मूळचे गोव्यातल्या मांद्र्याचे. शिकले मुंबईत, आधी एल्फिन्स्टनमध्ये आणि मग ग्रँट मेडिकल कॉलेजात. हे कॉलेज १८४५ मध्ये सुरू झाले आणि पहिली तुकडी १८५१ मध्ये बाहेर पडली. त्या तुकडीत मोजके आठ जण होते. भाऊ दाजी त्यातले एक, पुढे प्रार्थना समाजाशी नाव जोडले गेलेले आत्माराम पांडुरंग दुसरे. पदवीचे नावच 'जी. जी. एम. सी.', म्हणजे ग्रँट मेडिकल कॉलेजचा पदवीधर. मुंबई विद्यापीठ तेव्हा जन्मालाही आले नव्हते. ते १८५७ मध्ये स्थापन झाले आणि त्याच्या पहिल्या फेलोंच्या यादीत भाऊ दाजींचे नाव आहे. इथेच शिकून तो मान मिळवणे जास्त अवघड होते. फॉरवर्ड लिहिणाऱ्याला मात्र विलायतेचा शिक्का लागल्याशिवाय चैन पडत नाही.

आता नाटक. इथे तरी सांगलीकरांनी फसायला नको होते. भाव्यांच्या 'सीतास्वयंवर'चा, म्हणजे त्या पहिल्या नाटकाचा, पहिला प्रयोग ५ नोव्हेंबर १८४३ रोजी सांगलीत झाला, तोही संस्थानाधिपती चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांच्या समोर आणि त्यांच्याच सांगण्यावरून. कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ पाहून असे काही आपल्या भाषेत व्हावे, असे आप्पासाहेबांच्या मनात आले आणि ते काम भाव्यांवर आले. त्या वेळी भाऊ दाजी जेमतेम विशीत होते. ते डॉक्टर होणार ते कॉलेजही अजून उघडायचे होते. मग सांगलीच्या दरबारातले नाटक त्यांनी बसवून घेतले कसे?

गोंधळाचे मूळ दहा वर्षे पुढे आहे. १८५१ मध्ये आप्पासाहेब वारले, दरबारचा आश्रय सुटला आणि भाव्यांना मंडळी घेऊन गावोगाव हिंडावे लागले. १८५३ मध्ये ते मुंबईला पोचले. तिथे नाना शंकरशेट आणि भाऊ दाजी यांच्यासारख्या वजनदार मंडळींनी पाठबळ दिले, आणि ग्रँट रोडच्या नाटकगृहात तिकीट लावून खेळ झाले. राजाश्रयावर चालणारी कला तिकिटावर आली ती या टप्प्यावर. हिंदीतही खेळ करा, हा आग्रह भाऊ दाजींचाच होता असे सांगतात. म्हणजे त्यांचे श्रेय आहेच, पण ते नाटक जन्माला घालण्याचे नाही, त्याला मुंबईत उभे करण्याचे आहे. जन्माचे श्रेय मुंबईला देऊन आपलाच रंगभूमी दिन कशाला पुसायचा?

'पहिले महापौर' हे तर साधे साल पाहिले तरी कोसळते. मुंबईत महापौर हे नाव १९३१ पासून आले; त्याआधी पालिकेच्या प्रमुखाला अध्यक्ष म्हणत. भाऊ दाजी झाले ते शेरीफ, १८६९ आणि १८७१ मध्ये. शेरीफ निवडून येत नसे. सरकार त्याला एका वर्षासाठी नेमी. उच्च न्यायालयाच्या हुकमांची बजावणी, ज्यूरीला बोलावणे, जप्ती ही कामे त्याच्या कचेरीकडे असत, आणि नागरिकांनी लेखी मागणी केली की जाहीर सभा बोलावण्याचा मानही त्याचाच. पालिकेत करदात्यांनी निवडलेले सभासद आले ते १८७२ च्या कायद्याने. ६४ जणांपैकी निम्मे करदात्यांचे, उरलेले जस्टिस मंडळी (सरकारने नेमलेले प्रतिष्ठित नागरिक) आणि सरकार यांचे. त्या सभेची पहिली बैठक १८७३ मधली, आणि मे १८७४ मध्ये भाऊ दाजी गेलेसुद्धा.

त्यांचे खरे राजकारण त्याआधीचे आहे. २६ ऑगस्ट १८५२ रोजी बाँबे असोसिएशन उभी राहिली. नाना शंकरशेट अध्यक्ष, आणि पहिल्या चिटणिसांत भाऊ दाजी. ईस्ट इंडिया कंपनीची सनद १८५३ मध्ये नव्याने ठरायची होती, म्हणून या संस्थेने थेट पार्लमेंटकडे अर्ज धाडला: कायदे करणाऱ्या मंडळात इथल्या लोकांना जागा द्या, मोठ्या नोकऱ्या आम्हालाही खुल्या करा. तलवार नाही, घोषणा नाही. अर्ज, सह्या, पुन्हा अर्ज. आणि १८६२ चा महाराज लायबल खटला, म्हणजे वैष्णव धर्मगुरू जदुनाथजी महाराजांनी आपल्यावर टीका छापणाऱ्या पत्रकार करसनदास मुळजींवर भरलेला बदनामीचा दावा. करसनदास मुळजींच्या बाजूने साक्षीला उभे राहून, आपण जदुनाथजी महाराजांवर गरमीच्या रोगाचे (सिफिलिसचे) उपचार केले आहेत, असे भाऊ दाजींनी कोर्टात सांगितले. एवढ्या वजनदार रोग्याचे गुपित शपथेवर उघडे करणे एका डॉक्टरने योग्य केले का, यावर आजही दोन्ही बाजूंनी बोलता येईल. फॉरवर्डमध्ये मात्र नेमकी हीच गोष्ट नाही.

संग्रहालयाची पायाभरणी १८६२ ची, आणि ते लोकांसाठी खुले झाले २ मे १८७२ रोजी. ते वर्गणीतून आणि सरकारी मदतीतून झाले. डॉ. बर्डवुड यांच्याबरोबर समितीत राबणाऱ्यांत भाऊ दाजी होते. तेव्हाचे नाव व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्यूझियम. भाऊ दाजींचे नाव त्याला १९७५ मध्ये मिळाले.

राहिले तेल. 'शोधले' म्हणावे तर सुश्रुताने तुवरकाचे तेल कुष्ठावर, म्हणजे महारोगावर, सांगितलेले आहे, आणि तुवरक म्हणजे हेच झाड असे मानतात. याच कुळीचे चौलमुग्रा तेल १८५४ मध्ये कलकत्त्यात डॉ. मोआट यांनी इंग्रजी वैद्यकापुढे ठेवले होते. भाऊ दाजींनी कोकण-सह्याद्रीच्या ओल्या रानात वाढणाऱ्या कडू कवठाचे बी घेऊन रोग्यांवर चिकाटीने प्रयोग केले, हे त्यांचे काम. पण औषध कशाचे, हे गुप्त ठेवले ते त्यांनीच. पुरती खात्री पटेपर्यंत सांगणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. दाबून टाकले म्हणावे तर पुढचा इतिहास नेमका उलटा आहे. विसाव्या शतकात, १९४० च्या दशकापर्यंत, इंग्रज सरकारचे दवाखाने हेच तेल सुईने टोचत होते.

मग ते मागे का पडले? पोटातून घेतले की मळमळ, उलट्या, जुलाब. पुरेशी मात्रा पोटात टिकतच नाही. टोचले तर सूज येते, गळू होते. उपचार वर्षानुवर्षे चालतो आणि रोग पुन्हा डोके वर काढतो. शिवाय मोजक्या चट्ट्यांचा कुष्ठरोग काही जणांत आपोआपही मावळतो, त्यामुळे औषधाने गुण आला की रोगाच्या वळणाने, हे तेव्हा ठरवणे कठीण होते. नॉर्वेच्या डॉ. हॅन्सेनने या रोगाचा जंतू पाहिला तोच १८७३ मध्ये. १९४० च्या दशकात सल्फोन औषधे आली आणि तेल बाजूला पडले.

म्हणून 'दोन चमचे' घेत घरी बसण्यात जाणारे महिने महाग पडतात. त्या काळात कोपरामागची नस जाड होत जाते आणि बोटे वाकतात. गुडघ्याजवळची नस गेली तर पाऊल लोंबते. फिकट किंवा लालसर चट्ट्यावर कापसाची वात टेकवून पाहा. डोळे मिटून स्पर्श कळत नसेल, तर थेट प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा. बहुविध औषधोपचार, म्हणजे एकाच वेळी अनेक औषधांचा उपचार, तिथे फुकट मिळतो: पाचपर्यंत चट्टे असतील तर ६ महिने, त्याहून जास्त असतील तर १२.

गोळ्या अर्ध्यावर सुटतात त्या बहुधा दोन गोष्टींना घाबरून. त्यातल्या रिफाम्पिसिनने लघवी लाल होते, क्लोफाझिमिनने कातडी काळवंडते. लाल लघवी एक-दोन दिवसांत ओसरते, काळेपणा उपचार संपल्यावर काही महिन्यांत उतरतो. उपचार चालू असताना चट्टे अचानक लाल होऊन सुजले किंवा नस ठणकू लागली, तर ती रिअ‍ॅक्शन, म्हणजे जंतूंविरुद्ध शरीराच्या प्रतिकारातून येणारी सूज, असते. तेव्हा गोळ्या न थांबवता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचे. वेळेवर स्टेरॉइड मिळाले तर हात वाचतो.