म्हणे, थांबायची गरज नाही!

परवा आमच्या घरच्या ग्रुपवर भाऊजींनी एक फॉरवर्ड टाकला. कुणाच्या तरी गुडघ्याच्या ऑपरेशनची बातमी आणि सकाळचं सुविचाराचं फूल यांच्या मधोमध. वर तीन लाल भोंगे, खाली ‘प्रत्येक वाहनचालकाने जपून ठेवा’. असले मेसेज मी न वाचताच पुढे सरकवते. पण त्याखाली भाच्याचं उत्तर आलं, ‘बरं झालं कळलं. मी तर थांबलो असतो.’

भाचा एकोणीस वर्षांचा. लायसन्स हातात पडून दीड महिना झालाय आणि दर रविवारी वडिलांची गाडी घेऊन ठाण्याहून मुलुंडला आमच्याकडे येतो, पार्किंग लावायला पंधरा मिनिटं घेतो. मी तर थांबलो असतो! म्हणजे पोराला कुणी न शिकवता बरोबर तेच सुचत होतं, आणि बापाने एका मेसेजात ते पुसून टाकलं. म्हणून लिहायला बसले. भाऊजी, राग मानू नका. मानलात तरी हरकत नाही.

फॉरवर्डमध्ये होतं ते थोडक्यात असं. मुंबई हायकोर्टाने निकाल दिलाय की कुत्रा-मांजर गाडीखाली आलं तर चालकाची कसलीही जबाबदारी नाही. पाळीव असेल तर चूक मालकाची. थांबू नका, जमाव मारतो आणि पैसे उकळतो. जनावर उठून पळालं तर त्याला काही झालं नाही असं समजा. आणि शेवटी, हे प्राणिप्रेमाचं फॅड पाश्चात्त्यांकडून आलंय, आपण आधी माणसांचं बघावं.

निकालापासून सुरुवात करू, कारण सगळा डोलारा त्याच्यावर उभा आहे. निकाल खरा आहे. डिसेंबर २०२२ चा, न्यायमूर्ती रेवती मोहिते डेरे आणि न्यायमूर्ती पृथ्वीराज चव्हाण यांच्या खंडपीठाचा. घटना एप्रिल २०२० ची, मरीन ड्राइव्हवरची. शिकता शिकता जेवणाची पार्सलं पोचवणारा एक मुलगा बाइकवरून चालला होता. कुत्रा आडवा आला, धडक बसली. कुत्रा गेला. मुलगाही घसरून पडला, त्यालाही लागलं. तिथे भटक्या कुत्र्यांना खायला घालणाऱ्या एका बाईंनी तक्रार केली आणि पोलिसांनी हाताला लागतील ती कलमं लावली. कोर्टाने म्हटलं, तेव्हाच्या भारतीय दंड संहितेतली बेदरकार वाहन चालवण्याचं २७९ आणि दुखापतीचं ३३७ ही कलमं माणसांबद्दल आहेत. पाळणारे कुत्र्या-मांजराला पोटच्या पोरासारखं वागवत असतील, पण जीवशास्त्राच्या हिशेबाने ती माणसं नव्हेत. जनावराला मारण्याच्या ४२९ कलमाला हेतू लागतो, तो इथे नव्हता. गुन्हा रद्द. शिवाय त्या मुलाला वीस हजार रुपये द्या आणि ते संबंधित अधिकाऱ्यांच्या पगारातून वसूल करा, असा आदेश.

मला हा निकाल पटतो. दिवसभर पाठीवर पिशवी घेऊन फिरणाऱ्या पोरामागे पोलीस केस लावून त्या कुत्र्याला काय मिळणार होतं? पण यात ‘जबाबदारी नाही’ कुठून आलं? कोर्टापुढे प्रश्न एवढाच होता की या पोरावर फौजदारी गुन्हा होतो का. धडकेनंतर थांबावं की पुढे जावं, हा त्या खटल्याचा विषयच नव्हता. तो मुलगा स्वतःच रस्त्यावर पडला होता! आणि कुत्रा होता भटका. घरी वाट बघणारं कुणी आहे, गळ्यात पट्टा आहे, महापालिकेचा परवाना आहे, अशा कुत्र्याची गोष्टच वेगळी.

ती मोटार वाहन कायदा, १९८८ मध्ये सापडते. कलम १३४. अपघातात माणूस जखमी झाला ‘किंवा तिसऱ्या पक्षाच्या मालमत्तेचं नुकसान झालं’ तर चालकाने काय करायचं, हे त्यात लिहिलंय. पोलीस तिथे हजर नसेल तर जवळच्या पोलीस ठाण्यात जाऊन घडलं ते सांगायचं, लवकरात लवकर, आणि फार तर चोवीस तासांच्या आत. पाळलेला कुत्रा कायद्याच्या नजरेत मालकाची मालमत्ता असतो. हा शब्द मलाही झोंबतो. सोफा, मिक्सर आणि आमच्या शेजारचा कुत्रा चिकू एकाच रांगेत! पण निदान इथे तरी तो चिकूच्या कामी येतो.

आता एक गोष्ट नाइलाजाने कबूल करते, कारण मी नाही केली तर भाऊजी शोधून काढतीलच. याच कायद्यातलं कलम १३२ सांगतं की प्राण्याला अपघात झाला आणि पोलिसाने थांबायला सांगितलं तर गाडी थांबवलीच पाहिजे. मात्र ‘प्राणी’ म्हणजे कोण याची यादी खाली दिली आहे. घोडा, गुरं, हत्ती, उंट, गाढव, खेचर, मेंढी, शेळी. कुत्रा नाही, मांजर नाही. म्हणजे उद्या एलबीएस रोडवर तुमच्या गाडीला उंट धडकला तर कायदा तुम्हाला नाव घेऊन सांगतो, मोती धडकला तर सांगत नाही. ब्रिटनच्या कायद्यातल्या यादीत कुत्रा आहे, मांजर तिथेही नाही. याद्या अशाच असतात, ज्याची किंमत बाजारात होती ते आत आलं. आणि प्राण्यांवरच्या निर्दयतेविरुद्धच्या १९६० च्या कायद्याचा पहिल्या गुन्ह्याचा दंड बघितलात तर हसाल, दहा ते पन्नास रुपये. वडापाव आणि चहा. तेव्हा कायद्याच्या भीतीने थांबा असं मी भाच्याला सांगणार नाही. त्या भीतीत दम नाही.

मी त्याला चिकूची गोष्ट सांगणार आहे.

फॉरवर्डमधलं ते ‘उठून पळालं तर काही झालं नाही’ वाचून माझं डोकं फिरलं ते चिकूमुळे. चिकू आमच्या शेजारच्या काकूंचा पॉमेरेनियन, वय वर्षं सहा, भुंकायला कायम तयार. दोन वर्षांपूर्वी पाण्याचा टँकर आत घ्यायला वॉचमनने गेट उघडलं आणि हा सुटला. गल्लीत एक पांढरी गाडी मागे येत होती. धक्का बसला, एक कळवळून ओरडणं, बस. गाडी थांबली. काच खाली झाली. चालकाने मान बाहेर काढून पाहिलं तर चिकू उठून सरळ गेटातून आत पळत होता. वॉचमन म्हणाला, ‘भाग गया ना, कुछ नहीं हुआ.’ गाडी निघून गेली. संध्याकाळचे सात वाजले असतील.

चिकू तीन मजले चढून वर आला आणि चपलांच्या रॅकमागे जाऊन बसला. काकूंना वाटलं, गल्लीतल्या कुत्र्यांनी पिटाळलं असेल. अंगावर ओरखडा नाही, रक्त नाही. पाणी ठेवलं, प्यायला नाही. दूधभात ठेवला, वास घेतला नाही. साडेनऊला मी सहज डोकावले तर तो मान लांब करून, पुढच्या पायांची कोपरं बाहेर काढून बसला होता आणि पोट भात्यासारखं हलत होतं. काकूंनी ओठ वर करून दाखवला. हिरड्या पांढऱ्याफटक, पाटीवरच्या खडूसारख्या. त्याचा अर्थ आम्हा दोघींनाही माहीत नव्हता. तेवढ्यात ड्यूटी बदलून घरी निघालेल्या वॉचमनने खालून विचारलं, तुमचा कुत्रा बरा आहे ना, गाडी लागली होती त्याला.

अडीच तास. अडीच तासांनी कळलं.

डॉक्टरांनी एक्स-रे उजेडावर धरला आणि पेनाच्या टोकाने हवेत एक कमान काढली. ‘इथे पडदा दिसायला हवा. छाती आणि पोट यांच्या मधला. तो फाटलाय. लिव्हर वर छातीत गेलंय, फुप्फुसाला जागाच नाही.’ मग म्हणाले, मार बसला की जनावर अंगातल्या सगळ्या जोरावर पळतं, सुरक्षित जागा गाठेपर्यंत. पळालं याचा अर्थ एवढाच की पाय शाबूत आहेत. आत प्लीहा फुटलेली असू शकते, मूत्राशय फुटलेलं असू शकतं, बाहेर थेंबभर रक्त दिसत नाही. मांजर तर त्याहून पक्कं. ते जिन्याखाली, पार्क केलेल्या गाडीखाली, जिथे कुणी येणार नाही तिथे जाऊन पडतं. ऑपरेशनची तयारी करेपर्यंत चिकू टेबलावरच गेला. लवकर आणला असता तर वाचला असता का, हे डॉक्टरांनी ठामपणे सांगितलं नाही, आणि काकूंनी दुसऱ्यांदा विचारलं नाही.

त्या गाडीवाल्याला मी शिव्या देत नाही. त्याने काच खाली केली होती. बघितलं होतं. त्याला खरंच वाटलं की कुत्रा ठीक आहे. आणखी दोन मिनिटं घालवून त्याने ‘कुणाचा कुत्रा आहे, माझ्या गाडीचा धक्का बसलाय, डॉक्टरला दाखवा’ एवढं सांगितलं असतं तर काकूंना काय झालंय ते सात वाजताच कळलं असतं. पैसे कुणी मागत नव्हतं. काय घडलं हे फक्त त्याला आणि वॉचमनला माहीत होतं, आणि कुत्र्याला सांगता येत नव्हतं. आता हा फॉरवर्ड अशाच माणसाला, ज्याने काच खाली केली असती, सांगतोय की ती वरच ठेव.

मालकाची चूक? असते. चिकू बिनदोरीचा सुटला ही काकूंची चूक होती, आणि त्या ती अजून स्वतःच्या तोंडाने सांगतात. जनावर सांभाळण्यात हयगय केली तर मालकाविरुद्धही कलम आहे, हे फॉरवर्डवाल्याला हवं असेल तर घ्यावं. पण चूक कुणाची यावर सोसायटीच्या मीटिंगमध्ये वर्षभर भांडता येतं. पोटात रक्त साचतंय त्याला तेवढा वेळ नसतो.

जमावाचं अर्धं खरं आहे. मुंबईत गाडीला कुणी धडकलं की पहिली दहा माणसं मदतीला येतात आणि पुढची दहा हात साफ करायला. गंमत म्हणजे कायद्यालाही हे माहीत आहे. त्याच १३४ कलमात, जखमी माणसाला डॉक्टरकडे पोचवण्याचं कर्तव्य सांगताना जमावाच्या प्रक्षोभामुळे ते शक्य नसेल तर सूट दिली आहे. पोलिसांना कळवण्याला मात्र सूट नाही. म्हणजे भीती वाटली तर थोडं पुढे जा, उजेडात थांबा, ११२ लावा, ठाण्यात जाऊन सांगा. ‘थांबू नका’ आणि ‘इथे थांबू नका’ यात फरक आहे. तसंच ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर ऐंशीच्या वेगात कुत्रा दिसला म्हणून स्टिअरिंग झटकून वळवायचं नाही, मधल्या लेनमध्ये गाडी उभी करायची नाही. माणूस आधी, हे कबूल. पण आमच्या गल्लीत ताशी दहाच्या वेगाने रिव्हर्स घेणाऱ्याला कोण मारायला येणार होतं? टँकरवाला?

आणि पाश्चात्त्य फॅडबद्दल काय बोलावं. याच मुंबईत १८३२ साली इंग्रजांनी भटकी कुत्री मारायला काढली तेव्हा फोर्टात पारशी रस्त्यावर उतरले, दंगल झाली. मारणारे कोण होते आणि आडवे आलेले कोण, हे भाऊजींनी बघावं. तुपाची वाटी घेऊन कुत्र्यामागे धावणारे नामदेव कुठल्या विलायतेचे? भाऊजी दर गुरुवारी दत्ताला जातात. मूर्तीच्या पायाशी चार कोण बसलेत, एकदा खाली वाकून पाहावं. मांजर आडवी गेली की गाडी थांबवून कुणीतरी पुढे जायची वाट बघणारी माणसं मी याच घरात पाहिली आहेत. तीच मांजर चाकाखाली आली की थांबायची गरज नाही म्हणे.

भाच्याला मी फोनवर एवढंच सांगितलं. गाडी बाजूला घे, इंडिकेटर लाव. पट्टा आहे का बघ, जवळच्या वॉचमनला, पानवाल्याला विचार. दुखावलेलं जनावर मालकालाही चावतं, तोंडाजवळ हात नेऊ नकोस, चादर टाकून उचल, शक्यतो पाठ न वाकवता. पाणी पाजू नकोस. चावलंच तर साबणाने पंधरा मिनिटं धू आणि इंजेक्शन घे, लाजू नकोस. मुलुंड-भांडुपला रात्री कुठला डॉक्टर उघडा असतो ते आधीच फोनमध्ये टाकून ठेव. तेही नाही जमलं तर परळचं बैलघोडा हॉस्पिटल आहे, महालक्ष्मीला टाटांचं प्राण्यांचं नवं हॉस्पिटल आहे. आणि मालक भेटला तर वेळ सांग, गाडीचा कुठला भाग कुठे लागला ते सांग. डॉक्टरला त्याचा उपयोग होतो.

त्याने सगळं ऐकलं. मग म्हणाला, ‘मावशी, पण बाबांना काय सांगू?’

बाबांना मी सांगते म्हटलं. भाऊजींनी तो मेसेज अजून काढलेला नाही, वर कुणीतरी टाळ्या वाजवणारे हात टाकलेत. पण रविवारी भाचा आला तेव्हा डिकी उघडून काहीतरी कोंबत होता. आईची जुनी सोलापुरी चादर. स्टेपनीच्या वर नीट बसत नव्हती, म्हणून आम्ही दोघांनी मिळून तिची परत घडी घातली.