वीस खाचा, सात सायकली

परवा पुण्यातल्या एका मोठ्या सार्वजनिक इमारतीच्या आवारात नवं सायकल स्टँड बसलं. इमारतीचं नाव लिहीत नाही. तुमच्या रोजच्या जाण्यायेण्यातल्या कुठल्याही इमारतीचं घाला, फरक पडणार नाही. पिवळाधमक ऑइलपेंट, वर बोर्ड, 'सायकल पार्किंग, क्षमता २०'. आणि स्टँड कुठलं? तेच! जमिनीलगत वाकवलेल्या नळ्यांच्या खाचा, त्यात पुढचं चाक खुपसायचं आणि बाकीची सायकल हवेवर सोडायची. इतक्या वर्षांनी, इतक्या बैठकांनंतर, इतक्या सायकल दिनांच्या फेऱ्यांनंतर पुन्हा तेच चाकमोडं स्टँड! डोकं फिरतं.

टेप लावून बघा. स्टँडची लांबी सहा मीटर, दर तीस सेंटिमीटरला एक खाच. झाल्या वीस. आता सायकलचं हँडल किती रुंद असतं? साध्या काळ्या दांडीच्या सायकलचं पंचावन्न-साठ सेंटिमीटर, गिअरवाल्या एमटीबीचं, म्हणजे जाड टायरच्या डोंगरी सायकलचं, सत्तर. म्हणजे एकीच्या शेजारच्या खाचेत दुसरी सायकल लागतच नाही. लावलीच तर हँडलं एकमेकांत अडकतात, ब्रेकच्या वायरी ओढल्या जातात, आणि एक काढायला गेलं की चार आडव्या होतात. एमटीबी लावायच्या तर पहिली, चौथी, सातवी अशा दोन-दोन खाचा सोडत जायचं. मोजा. सात. बोर्डावर वीस, जमिनीवर सात. हा बोर्ड रंगवताना कुणी एक सायकल आणून लावून बघितली नाही? एक? आवाराच्या बाहेरच पेपरवाल्याची उभी असते, ती दोन मिनिटं मागितली असती तरी दिली असती त्यानं.

बरं, त्या सात तरी धड उभ्या राहतात का? खाच आतून पाच सेंटिमीटरची. एमटीबीचा टायर असतो २.१ इंची, म्हणजे त्रेपन्न मिलिमीटर. तो आत जातच नाही, कडेवर चढून बसतो. साध्या सायकलचा दीड इंची टायर, अडतीस मिलिमीटर, तो आत डुगडुगतो. रेसरचा पंचवीस-अठ्ठावीसचा टायर तर नुसता लोळतो. एकाच मापाची खाच आणि तीन तऱ्हेच्या सायकलींपैकी एकीलाही बसत नाही!

आणि डुगडुगण्यानं काय होतं ते सांगतो, कारण ऑर्डर देणाऱ्यांना ते कधी कळलेलंच नाही. सायकलचं चाक उभ्या भाराला जबरदस्त असतं. माणूस, पोतं, सिलिंडर, काहीही पेलतं. पण आडव्या भाराला ते कमजोर. पंधरा-वीस किलोची सायकल, कॅरियरला डबा, हँडलला पिशवी, आणि शेजारून कुणाचा तरी धक्का. सगळी सायकल एका बाजूला कलते आणि तिला धरून काय असतं? जमिनीपासून वीतभर उंचीवर चिमटलेली रिम. वर मीटरभर उंचीवरून तरफ लावल्यासारखा जोर सगळा त्या रिमवर. एका बाजूचे स्पोक ताणतात, दुसऱ्या बाजूचे ढिले पडतात, चाक आऊट, फिरताना डोलायला लागतं. मग दुकानात जाऊन आऊट काढा, पुढच्या आठवड्यात परत तेच. अॅल्युमिनियमची रिम एकदा आठाच्या आकड्यासारखी वळली तर आऊट निघतही नाही, सरळ बदलावी लागते.

डिस्क ब्रेकवाल्यांचे हाल वेगळे. पुढच्या चाकाच्या हबला डाव्या बाजूला १६० मिलिमीटरची डिस्क. जमिनीपासून तिची खालची कड साधारण पंचवीस-सव्वीस सेंटिमीटरवर येते. या स्टँडच्या नळ्या तीस सेंटिमीटर उंच! म्हणजे सायकल आत ढकलली की नळी थेट डिस्कला भिडते. दोन मिलिमीटरसुद्धा जाड नसलेली ती पत्र्याची चकती. नुसती सायकल कलली तरी वाकते, आणि मग घरी जाईपर्यंत दर फेऱ्याला खर्र, खर्र, खर्र. पॅड घासतात, चाक जड चालतं. पाच मिनिटांच्या पार्किंगचा हा मोबदला.

आता कुलूप. सायकल स्टँडचं पहिलं काम सायकल बांधता येणं, उभी राहणं दुसरं. इथं बांधणार काय? पुढचं चाक. फक्त पुढचं चाक. क्विक रिलीजची, म्हणजे पान्याशिवाय हातानं उघडणारी, दांडी उलटी फिरवली, दोन वेढे सैल केले की चाक सुटतं. चोर उरलेली सायकल घेऊन चालता होतो, आणि मालकाला कुलपासकट एक चाक मिळतं. मागच्या चाकाचं गोल कुलूप लावून निर्धास्त राहणारे तर बिचारे बरेच. सायकल खांद्यावर टाकली की ते कुलूप कुणाला अडवतं? त्यावर कळस म्हणजे अख्खं स्टँडच जमिनीला दहा एमएमच्या आठ बोल्टांनी बसवलंय, नटांची तोंडं उघडी. सतराचा पाना घ्या, स्टँड उचला, सायकली मोकळ्या. वेल्डिंगचा एक-एक ठिपका नटांवर टाकायला किती वेळ लागला असता?

हे असं का होतं, त्याचं कारण एका ओळीत आहे. टेंडरच्या ओळीत. 'सायकल स्टँड, क्षमता २०, नग १'. खाचा मोजायच्या, बिल काढायचं. सायकली कुणी मोजत नाही. खाच जितकी अरुंद तितका क्षमतेचा आकडा मोठा, आणि आकडा मोठा तो माल पास. डच लोकांच्या मानकात एकाच पातळीवरच्या दोन सायकलींमध्ये ६५ सेंटिमीटर अंतर लागतं. एक वर, एक खाली अशी रचना असेल तरच साडेसदतीस चालतं, कारण मग हँडलं एकमेकांना चुकतात. इथं एकाच पातळीवर तीस!

आणि ज्याची गरज आहे ती वस्तू यापेक्षा साधी आहे. उलटा यू. एक पाइप, दोन ठिकाणी वाकवलेला, दोन पाय जमिनीत. बस. इंग्लंडात याला शेफील्ड स्टँड म्हणतात. तिथल्या कुठल्याही गावात दिसतं. पाइप पन्नास मिलिमीटर व्यासाचा, भिंत किमान अडीच-तीन मिलिमीटर जाड. सव्वा मिलिमीटरचा फर्निचरचा पाइप नको, तो हेक्सॉ ब्लेडनं कापायला वेळ लागत नाही. उंची जमिनीपासून पाऊण मीटर, लांबी पाऊण ते एक मीटर. पाय काँक्रीटमध्ये पंचवीस-तीस सेंटिमीटर गाडायचे, आणि गाडलेल्या भागात पायांमधून एक आडवी सळी घालायची म्हणजे उपटता येत नाही. मधे, तीस-चाळीस सेंटिमीटरवर एक आडवा पाइप द्यायचा. त्याला लहान मुलांच्या आणि बिनदांडीच्या लेडीज सायकली टेकतात, आणि पांढरी काठी घेऊन चालणाऱ्याच्या काठीलाही तो लागतो. रंग नको, गरम जस्ताचं गॅल्व्हनायझिंग करा. ऑइलपेंट दोन पावसाळ्यांत पोपडे धरतो आणि पाइप नेमका जमिनीलगत सडतो, जिथं पाणी साचतं.

दोन यूंमधलं अंतर एक मीटर. प्रत्येक यूला दोन्ही बाजूंनी एकेक सायकल टेकते, फ्रेम पाइपला चिकटते. साखळी फ्रेम, चाक आणि पाइप तिन्हींतून घालता येते. चाकावर काडीचा भार नाही, डिस्कला हात नाही, टायर कितीही जाडीचा असो. भिंतीकडे तोंड करून लावायच्या असतील तर यूचं टोक भिंतीपासून साठ सेंटिमीटर लांब ठेवायचं, नाहीतर पुढचं चाक भिंतीला धडकून सायकल अर्धी बाहेर राहते. ही चूक तर यू बसवणारेही करतात! भिंतीपासून वीतभर अंतरावर गाडून मोकळे. मग एकच सायकल आडवी लावता येते आणि म्हणायला हेच मोकळे, की बघा, कुणी वापरत नाही.

त्याच सहा मीटरमध्ये सहा यू बसतात. बारा सायकली. खऱ्या बारा, बांधलेल्या, सरळ उभ्या. वीसच्या बोर्डाखाली सात लावण्यापेक्षा बारा जास्त होतात, हे सांगायला इंजिनिअर लागत नाही. जागा नाही म्हणतात तेव्हा तर आणखी संताप येतो. एका मोटारीची जागा अडीच मीटर बाय पाच मीटर. त्यात पाच यू, दहा सायकली. आवारात साहेबांच्या गाड्यांना आठ जागा आखल्यात, त्यातली एक द्या. एक!

पण स्टँड कुठं बसवलंय? इमारतीच्या मागं, जनरेटरच्या खोलीशेजारी, जिथं दिवा नाही, वॉचमनची नजर नाही. दारापासून चालत तीन मिनिटं. सायकलवाला दहा मिनिटांच्या कामाला आलेला असतो. तो दारापासून तीस पावलांत जागा नसेल तर रेलिंगला बांधणार, पावसाच्या पाइपाला बांधणार, झाडाला बांधणार. मग वॉचमन शिट्टी मारत येतो, 'ओ काका, इथं सायकल नाही लावायची, मागं घ्या.' त्याच्यावर चिडून काय करता, त्याची स्वतःची सायकलसुद्धा त्या पावसाच्या पाइपालाच बांधलेली असते. आणि मागं जाऊन बघावं तर स्टँडच्या पुढ्यात स्कूटरींची ओळ. सायकल एक मीटर ऐंशी लांब, ती काढायला मागं आणखी दीड-दोन मीटर मोकळी जागा लागते. ती आखलेलीच नाही, म्हणून ती स्कूटरींची झाली. आखलेली असती तरी झाली असती, पण निदान उचलून न्यायला आधार राहिला असता.

तोच प्रकार सायकल ट्रॅकवर. स्कूटर येऊ नयेत म्हणून तोंडाशी लोखंडी खांब. अहो, स्कूटरची रुंदी सत्तर सेंटिमीटर, सायकलच्या हँडलची साठ ते सत्तर! जो खांब स्कूटरला अडवतो तो सायकललाही अडवतो. जो सायकलला सोडतो तो स्कूटरला सोडतो. हे खांबांनी सुटणारं गणितच नाही. तिथं दंडाची पावती फाडणारा माणूस लागतो. तरी दर वर्षी नवे खांब. नागमोडी रेलिंगं तर विचारूच नका. व्हीलचेअर अडते, मागं कॅरियरला मूल बसवलेली बाई अडते, आणि स्कूटरवाला शेजारच्या फुटपाथवरून निघून जातो.

ट्रॅकचा पृष्ठभाग म्हणजे पेव्हर ब्लॉक. का? उखडायला सोपे म्हणून. ब्लॉकखालची रेती पावसात वाहून जाते, ब्लॉक खचतात, प्रत्येक सांध्यावर मनगटाला दणका. सायकलला मशीननं घातलेलं सलग डांबर लागतं, नाहीतर सांधे करवतीनं कापलेलं काँक्रीट. प्रत्येक गेटपाशी ट्रॅक खाली उतरतो आणि पुन्हा चढतो, म्हणजे मोटार सपाट जाणार आणि सायकलवाला शंभर मीटरमध्ये चार वेळा चढउतार करणार. उलटं करा! ट्रॅक सपाट ठेवा, मोटार चढून जाऊ दे. तिला इंजिन आहे. आणि ते उतार जिथं रस्त्याला मिळतात तिथं दोन-तीन सेंटिमीटरची जी पायरी सोडतात ना, ती मला सगळ्यात जास्त छळते. तिरकं चढायला गेलं की टायर त्या कडेला घासत सरकतो आणि माणूस खांद्यावर पडतो. शून्य ठेवायची ती कड. शून्य म्हणजे शून्य.

पावसाळ्यात लाल आणि हिरवे रंगवलेले पट्टे. त्या रंगात बारीक कच टाकलेली नसेल तर तो ओला झाला की तेलासारखा. नेमका वळणावर आणि चौकात रंगवतात, जिथं ब्रेक लागतो. आणि गटाराच्या जाळ्या! पट्ट्या रस्त्याच्या दिशेनं, मधली फट तीन-चार सेंटिमीटर. रेसरचं चाक अख्खं आत जातं. उपाय फुकट आहे, जाळी चौरस असेल तर उचलून नव्वद अंशांत फिरवा. नसेल तर दर पंधरा सेंटिमीटरला एक आडवी पट्टी वेल्ड करा. एका वेल्डरचं एका दिवसाचं काम, अख्खी गल्ली होईल.

हे सगळं लिहिलेलं नाही असंही नाही. सायकल ट्रॅक कसा असावा, याची इंडियन रोड्स काँग्रेसची, म्हणजे देशातल्या रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या संस्थेची, मार्गदर्शिका १९६२ पासून आहे, २०१५ साली सुधारलेली आहे. पुण्याचा सायकल आराखडा २०१७ च्या डिसेंबरात मंजूर झाला. त्याच महिन्यात भाड्याच्या सायकली आल्या, फुटपाथभर पसरल्या, आणि काही वर्षांत गेल्यासुद्धा. त्या उभ्या करायला तेव्हाही नीट जागा आखल्या नाहीत. एकेकाळी या शहरात सायकलला बिल्ला होता, सायकलचा कर भरावा लागायचा, सिनेमाबाहेर सायकलींचे पैसे घेऊन टोकन देणारे स्टँडवाले होते. त्यांना कळत होतं सायकल कशी लावायची ते. आता चौकाचौकांत सायकलची शिल्पं उभी करतात, दिवे सोडतात त्यांच्यावर. त्या शिल्पाच्या चौथऱ्याला खरी सायकल टेकवायला एक पाइप मात्र नाही.

नेदरलंड्समधल्या उत्रेख्त शहराचं उदाहरण आता कुणी देऊ नका. साडेबारा हजार सायकलींचं पार्किंग आहे त्यांच्या स्टेशनाखाली, २०१९ ला पूर्ण झालं, पहिले चोवीस तास फुकट. आपल्याला ते नको आहे. आपल्याला सहा वाकवलेले पाइप हवे आहेत, दाराजवळ, दिव्याखाली, एक-एक मीटरवर. टेंडरमध्ये 'क्षमता' हा शब्द खोडा आणि त्या जागी पाइपचा व्यास, जाडी, दोन यूंमधलं अंतर, भिंतीपासूनचं अंतर, एवढे चार आकडे लिहा. बिल काढण्याआधी बारा सायकली आणा, सगळ्या कुलूप लावून उभ्या करा, आणि मधलीच एक काढून दाखवा. निघाली तर पैसे द्या.

आणि परवा बसवलेल्या त्या पिवळ्याचं काय करायचं, तर आठ बोल्ट आहेत. सतराचा पाना. भंगारवाला किलोवर घेईल.