लॅमिंग्टन रोडचा काउंटर

काल ग्रँट रोडला उतरलो आणि पाय आपोआप लॅमिंग्टन रोडकडे वळले. पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग असलं तरी इलेक्ट्रॉनिक्सचे सुटे भाग आणायला निघालेल्याच्या तोंडी ते नाव कधी आलं नाही.

डिप्लोमाला असताना पाच व्होल्टचा पॉवर सप्लाय बनवायचा होता. यादी घेऊन गेलो : बारा व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर, चार डायोड आणि ७८०५, म्हणजे व्होल्टेज पाचवर स्थिर ठेवणारा रेग्युलेटर. काउंटरवरच्या काकांनी यादी वाचली आणि विचारलं, "पाच व्होल्टच काढायचेत ना? मग बाराचा कशाला नेतोस? रेग्युलेटर तापून मरेल. नऊचा ने आणि हीटसिंक लाव." नऊचा ट्रान्सफॉर्मर स्वस्त होता! गिऱ्हाइकाला कमी पैशांची वस्तू देणारा हा बाजार मी तिथे पाहिला.

१९७२ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं, १९८२ला रंगीत टीव्ही आला, नव्वदीत असेंबल्ड कॉम्प्युटर. प्रत्येक लाटेत हा रस्ता फुगत गेला. गावोगावचे मेकॅनिक पिशव्या घेऊन यायचे आणि दुकानाच्या पायरीवर बसूनच माल तपासायचे.

आता बरीच दुकानं सीसीटीव्ही आणि एलईडीच्या पट्ट्यांवर चालतात. ऑनलाइनने बाजार मारला, असं सगळे म्हणतात. मला ते अर्धंच पटतं. घरपोच स्वस्त माल मिळाला हे खरं, पण वस्तू उघडणंच थांबलं त्याचं काय? लॅपटॉपची रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली, फोनची बॅटरी गोंदाने चिकटवलेली. टीव्हीचं पॅनल गेलं की नवा टीव्ही घ्या. जिथे दुरुस्तीच नाही, तिथे सुटा भाग कोण मागणार? केंद्राने २०२२मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, पोर्टलही काढलं. माझं स्पष्ट मत आहे : सुटे भाग आणि सर्किटचे नकाशे गल्लीतल्या मेकॅनिकला मिळायलाच हवेत. नुसत्या कंपनीच्या सर्व्हिस सेंटरने हा हक्क पुरा होत नाही.

काल मला एकच कॅपॅसिटर हवा होता, १००० मायक्रोफॅरड, २५ व्होल्ट. घरच्या अ‍ॅडॅप्टरमधला डोक्यावर फुगला होता. काउंटरवर विशीतला मुलगा. त्याने एक काढून पुढे केला आणि मग विचारलं, "कशात लावणार?"

"अ‍ॅडॅप्टरमध्ये."

त्याने तो परत डब्यात टाकला, दुसरा काढला. "मग ८५ डिग्रीचा नको, १०५चा न्या. आत गरम होतं."