मी मोजत नव्हतो

मी मोजत नव्हतो. सोसायटीच्या ग्रुपवर हे तीनदा लिहून झालंय, तरी पुन्हा सांगतो. मी ऐकत होतो.

हातात मेजरिंग टेप होती, हे कबूल. पण तिचे चार तुकडे करून ते पीव्हीसी पाइपाला प्लंबरच्या क्लिपांनी आडवे आवळले होते. पोलादी टेपची अँटेना झकास होते, दारातून नेताना वाकते आणि बाहेर आली की टणकन सरळ. मागे १०५ सेंटिमीटर, पुढे ८९, मधे पंचेचाळीसच्या दोन पट्ट्या, त्यांचा पिवळा रंग खरवडून केबल सोल्डर केलेली. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक अधूनमधून १४५.८०० मेगाहर्ट्झवर चित्रं सोडतं. हॅमच्या, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांच्या, हँडसेटवर नुसती कुईकुई येते. मोबाइल स्पीकरपाशी धरला की ॲप त्यातून ओळीओळीने चित्र उलगडतं. एका चित्राला दोन मिनिटं. स्थानक ताशी २८,००० किलोमीटरने पळतं, म्हणजे हाताशी फार तर दहा मिनिटं.

त्यातली सात दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी घेतली.

"कुणी पाठवलं?" गच्चीच्या दारातूनच.

"काका, मी चौथ्यावरचा."

"ते कळतंय रे. मोजायला कुणी पाठवलं?"

आमची इमारत मुलुंडातली, १९७४ची. रिडेव्हलपमेंटची चर्चा चौदा वर्षं चालू आहे. तीन बिल्डर येऊन चहा पिऊन गेले, तिघांची पत्रं काकांच्या प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये आहेत.

"अँटेना आहे ही," मी मनगट फिरवत म्हणालो. स्थानक सरकतं तशी अँटेना सरकवावी लागते, वर पिळावीही लागते. लांबून बघणाऱ्याला आपण आकाशाला ओवाळतोय असं वाटतं.

काकांनी चष्मा कपाळावर चढवला आणि पट्टीवरचे आकडे वाचायला लागले. बोट टेकवून. कुईकुई बसली.

"पंचेचाळीस. ही पण पंचेचाळीस. नव्वद झाले. कुठून कुठे नव्वद?"

"काका, हात काढा."

"का, करंट आहे?"

"नाही हो, स्टेशन चाललंय!"

"स्टेशन तिकडे," काकांनी शांतपणे दाखवलं.

"वरचं स्टेशन. चारशे किलोमीटरवर आहे."

काकांनी वर पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग आवाज खाली आणून म्हणाले, "वर किती मजले मिळतायत?"

चित्र आलं. वरची चतकोर पट्टी स्वच्छ निळी, कुणाच्या तरी हेल्मेटची कड. त्याखाली काका. अलंकारिक म्हणत नाही. ॲप मोबाइलच्या माइकमधून ऐकतं, त्यामुळे 'मजले' म्हणजे एक जाड हिरवी रेघ आणि 'आमची बंद केलेली बाल्कनी धरलीस का' म्हणजे गुलाबी मुंग्यांचा अर्धा इंच.

१९७४वरून आठवलं. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात एओ-७ नावाचा हौशी लोकांचा उपग्रह वर गेला. १९८१मध्ये बॅटरी मेली, सगळ्यांनी त्याला हात जोडले. २००२मध्ये तो आपण होऊन बोलायला लागला. आता उन्हात आला की जागा, सावलीत शिरला की गप्प. आमचा पाण्याचा पंपही असाच चालतो, पण त्याचं कौतुक करायला जगभरातून कुणी कान लावून बसत नाही.

रात्री ग्रुपवर आलं: 'गच्चीवर अनधिकृत मोजमाप चालू आहे. सभासदांनी सावध राहावे.' अठरा अंगठे. त्याच गच्चीवर मोबाइल कंपनीचा टॉवर उभा आहे, त्याचं भाडं येतं म्हणून तो अधिकृत. रात्री साडेबाराला केक फासून बोंबलणारे अधिकृत. मे महिन्यात पाय ठेवायला जागा न ठेवणाऱ्या कुरडया अधिकृत. माझी टेप आकाशात काहीही पाठवत नाही, फक्त ऐकते, तीच धोकादायक! लायसन्स दाखवलं. सेक्रेटरींनी ते उलटं करून मागची कोरी बाजू वाचली.

आता गच्चीच्या किल्लीसाठी सात दिवस आधी अर्ज. 'कार्यक्रमाचे स्वरूप' या रकान्यात बारसे, वाढदिवस, पूजा, इतर. मी 'इतर'वर खूण करून लिफ्टपाशी आलो, तर काका उभे. फोल्डर उघडलं, आतून चौकटीच्या वहीचं पान काढलं.

"बाल्कनीसकट ५२२ निघतंय," ते कुजबुजले. "खात्री करायची होती. तुझी टेप देतोस जरा?"