चोच पक्ष्याची, चिखल आमचा

समुद्रकाठच्या चिखलात पाणपक्षी काय खातात, हा प्रकल्प नागपूरच्या पोट्ट्यांना देणाऱ्याला माझा साष्टांग नमस्कार. समृद्धी महामार्ग 701 किलोमीटरचा. ओहोटी बघून इथून निघावं, तर मुंबईत शिवडीच्या चिखलाला पोचेस्तोवर भरती येऊन ओसरायलाही लागलेली. म्हणून आमची खाडी म्हणजे तलावाचा काठ. इथली ओहोटी एकच, दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत चालणारी. पाणी मागं सरतं तसे शेकाट्या, तुतवार, चिखल्या हे पाणपक्षी ओल्या कडेबरोबर सरकतात.

पक्षी बघणं सोपं. दुर्बीण लावा, मिनिटभरात चोच किती वेळा चिखलात गेली ते मोजा. पण गेली म्हणजे काही मिळालंच असं नाही. पोट्टे मात्र ‘गिळलं सर!’ म्हणून ठोकून देतात. खरं उत्तर चिखलात असतं, आणि आमचे हाल तिथूनच सुरू होतात.

चिखलाचा नमुना काढायला तीन इंची पीव्हीसी पाइप घ्यायचा, 10 सेंटीमीटरवर खूण करायची, वरच्या टोपणाला भोक पाडायचं. दाबताना भोक उघडं, उपसताना अंगठ्यानं बंद. अंगठा ढिला पडला की चिखल खड्ड्यातच राहतो. घट्ट असला की पाइप वर येतो आणि पोट्टं खाली जातं. पाय निघतो, गमबूट निघत नाही.

मग 1 मिलिमीटरची चाळणी. रेताड गाळ सर्रकन गळतो. आपली काळी माती चाळणीची पाटी करते. बोटानं घासलं की अळीचे दोन तुकडे आणि वहीत दोन प्राणी! म्हणून फक्त डोकी मोजायची. गाळ आधी बादलीत भिजवायचा, चाळणी पाण्यात अर्धी बुडवून हलवायची, उरलेलं पांढऱ्या ट्रेमध्ये ओतून गप बसायचं. पाणी निवळलं की लालबुंद अळ्या वळवळू लागतात. डासासारख्या दिसणाऱ्या, पण न चावणाऱ्या किड्याच्या या अळ्या. अंगात हिमोग्लोबिन, म्हणून प्राणवायू कमी असलेल्या गाळातही तगतात. नेमके याच वेळी तर्री-पोह्यांचे डबे उघडतात. पोहे संपतात, तर्री उरते.

टिलव्याची चोच जेमतेम 2 सेंटीमीटर, काळ्या शेपटीच्या पाणटिवळ्याची 10च्या आसपास. त्यामुळे वरचा 2 सेंटीमीटर चिखल वेगळा चाळायचा, खालचा वेगळा. तेव्हा कुठं कुणाची पोच कुठवर ते कळतं. प्रकल्पाच्या तक्त्यात मात्र छापील रकाने खेकडे, शिंपले आणि समुद्री कृमींचे. आमच्या सगळ्या अळ्या ‘इतर’मध्ये.

पालकांचा प्रश्न वेगळाच असतो: ‘सर, कपड्यांवरचा हा गारा निघते कशानं?’ ओला घासू नका. वाळू द्या, झटका, मग धुवा.