दगडाची पूड, हवेतील कार्बन आणि मातीतील जीव: एका लोकप्रिय दाव्याचा प्रतिवाद

दख्खनच्या पठारावरील काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट, बारीक दळून शेतांत पसरला की हवेतील कार्बन डायऑक्साइड कायमचा बांधला जातो, असे सांगणारा मजकूर सध्या बराच फिरतो आहे. त्यातील मांडणी थोडक्यात अशी आहे: ही निव्वळ रासायनिक क्रिया असून पाऊस आणि हवा ती आपोआप घडवतात, एक टन पूड सुमारे ३०० किलो वायू शोषते, त्यामुळे टाकलेल्या पुडीवरून हिशेब आधीच मांडता येतो, जिवाणू आणि बुरशी मिसळल्यास वेग अनेक पटींनी वाढतो, आणि आपली काळी जमीन मुळात बेसाल्टचीच असल्याने यासाठी ती सर्वांत योग्य आहे. हा उपाय निरर्थक आहे असे मला मुळीच म्हणायचे नाही. भारतातील लहान शेतकऱ्यांच्या शेतांत बेसाल्टची पूड टाकणाऱ्या 'माटी कार्बन' या संस्थेला एप्रिल २०२५ मध्ये हवेतील कार्बन काढून घेण्यासाठीच्या एक्सप्राइझ या जागतिक स्पर्धेचे ५ कोटी डॉलरचे सर्वोच्च पारितोषिक मिळाले आहे, आणि विषय त्या तोलाचाच आहे. म्हणूनच त्याचा हिशेब चुकीच्या पायावर उभा राहू नये, असे मनापासून वाटते.

पहिला मुद्दा निव्वळ रसायनशास्त्राचा. शालेय भूगोलात आपण कायिक, रासायनिक आणि जैविक असे विदारणाचे, म्हणजे खडक झिजण्या-विरघळण्याचे, तीन प्रकार शिकतो आणि ते तीन वेगळे व्यवहार आहेत अशी समजूत करून घेतो. प्रत्यक्षात हवेशी समतोल साधलेल्या पावसाच्या पाण्याचा सामू (पीएच) साधारण ५.६ असतो, म्हणजे ते अगदीच सौम्य आम्ल असते. ते जमिनीत मुरते तेव्हा मुळे आणि सूक्ष्मजीव यांच्या श्वसनाने भरलेल्या हवेत शिरते, आणि या हवेत कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण बाहेरच्या हवेच्या दहा ते शंभर पट असू शकते. ते एक टक्का असेल तर त्याच पाण्याचा सामू सुमारे ४.९ पर्यंत उतरतो. दगड विरघळवणारे आम्ल अशा रीतीने मुख्यतः मातीतील जीवांनी पुरवलेले असते. त्यातील कार्बन हवेतलाच, परंतु वनस्पतींच्या वाटेने जमिनीखाली आलेला. मुळे आणि बुरशी यांतून सायट्रिक, ऑक्झॅलिक यांसारखी सेंद्रिय आम्लेही स्रवतात. युरोपातील सूचिपर्णी वनांच्या मातीत फेल्डस्पार या खनिजाच्या कणांमध्ये बुरशीच्या तंतूंनी पाडलेले सूक्ष्म बोगदे सापडल्याचे १९९७ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा मोठी खळबळ उडाली होती. एकूण विदारणात त्या बोगद्यांचा वाटा अल्प असल्याचे पुढे दिसून आले. जीवांचा खरा प्रभाव मातीतील हवा आणि पाणी बदलण्यात आहे.

मग जीव विदारण वाढवतात, म्हणजे दाव्याला बळच मिळते, असे कोणी म्हणेल. येथेच सर्वाधिक सावधपणा हवा, कारण दगड विरघळणे आणि कार्बन बांधला जाणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. कॅल्शियम किंवा मॅग्नेशियम दगडातून सुटले आणि त्याच्या जोडीने बायकार्बोनेट, म्हणजे कार्बन डायऑक्साइडचे पाण्यात विरघळलेले रूप, पाण्यातून वाहून गेले, तरच कार्बन बांधला गेला असे म्हणता येते. पश्चिम आइसलंडमधील बेसाल्टवर झालेल्या अभ्यासात, झाडे असलेल्या भागांत कॅल्शियम आणि मॅग्नेशियम सुटण्याचा वेग उघड्या किंवा शेवाळ-दगडफुलांनी झाकलेल्या भागांच्या दोन ते पाच पट आढळला. परंतु या आकड्यात ओढ्यातून वाहिलेल्या मूलद्रव्यांबरोबरच झाडांनी स्वतःत साठवलेली मूलद्रव्येही धरलेली आहेत. मूळ एक कॅल्शियमचा आयन घेते तेव्हा विद्युतभाराचा तोल राखण्यासाठी मातीत हायड्रोजनचे आयन सोडते, त्यामुळे त्या कॅल्शियमच्या वाट्याचे बायकार्बोनेट पाण्यात उरत नाही. जंगलात पाने गळून कुजली की हा व्यवहार बराचसा उलटतो. शेतात मात्र कडबा, वैरण आणि ऊस गाड्या भरून बाहेर जातात.

नायट्रोजनचा भाग तर या संदेशांत औषधालाही नसतो. युरिया घातल्यावर त्यातून तयार होणाऱ्या अमोनियमचे रूपांतर नायट्रोसोमोनास आणि तत्सम जिवाणूंमार्फत नायट्रेटमध्ये होते आणि या क्रियेत नायट्रिक आम्लाची निर्मिती होते. त्या आम्लाने दगड विरघळला तर कॅल्शियम नायट्रेटबरोबर वाहून जाते आणि हवेतील कार्बन डायऑक्साइडचा एक रेणूही बांधला जात नाही, तरीही फक्त मातीतून कमी झालेले कॅल्शियम मोजणाऱ्याच्या वहीत तो शोषलेला कार्बन म्हणून जमा होतो. अमेरिकेतील न्यू हॅम्पशायरच्या हबर्ड ब्रुक जंगलात १९९९ मध्ये ११.८ हेक्टरच्या पाणलोटावर वोलास्टोनाइट, म्हणजे कॅल्शियम सिलिकेट, टाकण्यात आले. आम्लवर्षावाने खंगलेले मेपल वृक्ष त्याने सावरले, परंतु दशकभरानंतर त्याच ओढ्यातून नायट्रेटचे वहन लक्षणीय वाढले. आम्लता कमी झाल्यावर मातीतील सूक्ष्मजीव कसे वागतील, हे दगडाच्या रासायनिक विश्लेषणावरून कळत नाही. तीच बाब सेंद्रिय कार्बनची: सामू वाढल्याने जुने सेंद्रिय द्रव्य वेगाने कुजू शकते, किंवा नव्याने तयार झालेल्या चिकणखनिजांना आणि लोहाच्या ऑक्साइडांना चिकटून ते टिकूही शकते.

टनामागे ३०० किलो हा आकडा त्यामुळे फार तर कमाल मर्यादा ठरतो. बेसाल्टमधील सर्व कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम आणि पोटॅशियम विरघळून बायकार्बोनेटच्या जोडीने वाहून गेले, तरच तो खरा होईल. अमेरिकेत इलिनॉय येथे मका-सोयाबीनच्या शेतात चार वर्षे, दरवर्षी हेक्टरी ५० टन बेसाल्ट टाकल्यावर कार्बन डायऑक्साइड शोषणाची क्षमता चारही वर्षे मिळून हेक्टरी १०.५ टन, अधिक-उणे ३.८ टन, इतकी काढण्यात आली. सरळ भागाकार केला तर टनामागे सुमारे ५० किलो येतात, आणि तेही मातीतून कमी झालेल्या मूलद्रव्यांवरून काढलेले आहेत. उरलेली पूड पुढेही विरघळत राहील हे मान्य आहे, परंतु आज न घडलेले शोषण आज विकता येत नाही. त्याच शेतात मका आणि सोयाबीनचे उत्पादन १२ ते १६ टक्क्यांनी वाढले, आणि शेतकऱ्याच्या दृष्टीने कदाचित हाच अधिक भरवशाचा लाभ आहे.

जिवाणू मिसळण्याच्या दाव्याबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. प्रयोगशाळेतील बाटलीत साखर पुरवून वाढवलेली बुरशी ऑलिव्हिनसारखे खनिज झपाट्याने विरघळवू शकते. शेतात ती साखर कोणी देत नाही, स्थानिक सूक्ष्मजीवांशी स्पर्धा असते, आणि कणांवर चिकणमाती व लोहाचे थर चढून विरघळणे मंदावते.

राहिला आपल्या जमिनीचा प्रश्न. जगातील सिलिकेट विदारणाने शोषल्या जाणाऱ्या कार्बन डायऑक्साइडपैकी जवळपास एक तृतीयांश वाटा, भूपृष्ठाचा जेमतेम पाच टक्के भाग व्यापणाऱ्या बेसाल्टचा आहे, आणि त्यात दख्खनचेही योगदान आहे. यावरून काळी जमीन सर्वोत्तम ठरत नाही. मराठवाडा आणि विदर्भातील खोल काळ्या जमिनी बहुधा अल्कधर्मी असतात आणि त्यांत चुनखडीचे खडे आढळतात. अशा मातीत बेसाल्ट सावकाश विरघळतो, आणि सुटलेले कॅल्शियम पुन्हा चुनखडी होऊन बसले की बांधलेल्या वायूपैकी निम्मा परत हवेत जातो. कोकण आणि गोव्यातील जांभ्याची आम्लधर्मी, भरपूर पावसाने धुपलेली जमीन त्या मानाने पुष्कळ अनुकूल आहे, जरी तेथेही पुडीचा काही भाग मातीत आधीच असलेली आम्लता मारण्यातच खर्च होणार. क्रशरची कच कोकणात नेण्याचा वाहतूकखर्च आणि त्यातील डिझेलचा धूर मग त्याच हिशेबात वजा करावा लागेल. शिवाय जांभ्यावरील भातखाचरात पूड टाकायची, तर शेजारचे एक खाचर पुडीवाचून आणि एक पुडीसह पण पिकावाचून ठेवावे लागेल, आणि दोन-तीन पावसाळे तिन्ही खाचरांतून निचरणाऱ्या पाण्यातील बायकार्बोनेट व नायट्रेट, तसेच कापून नेलेल्या भातातील आणि पेंढ्यातील कॅल्शियम मोजावे लागेल.