काचबिंदू म्हणजे मोतीबिंदू नाही हो!
आईला काचबिंदू आहे म्हटलं की समोरचा हमखास म्हणणार, "अगं मग पिकू दे, ऑपरेशन करून टाका, आमच्या काकांना दुसऱ्या दिवशी लख्ख दिसायला लागलं!" अहो तो मोतीबिंदू!! (आणि तोही हल्ली पिकू देत नाहीत.) काचबिंदूत बहुतेकदा डोळ्यातल्या प्रेशरने डोळ्याची नस मरत जाते, आधी कडेकडेचं दिसणं जातं, दुखत नाही खुपत नाही, आणि गेलेली नजर परत येतच नाही, रोज रात्रीचा ड्रॉप फक्त उरलंय ते टिकवायला. सख्ख्या मामाला म्हटलं, घरात आहे, तुझं वय ६२, एकदा प्रेशर तपासून घे, तर म्हणे मला पेपर स्वच्छ वाचता येतो! परवा चौकटीला खांदा आपटला त्याचा, तर शिव्या सुताराला.